झाकण

उद्यमनगरात माझं दुकान.
एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला
इलाही शिकलगारचा धार लावायचा दगड,
मधे मी. कॉम्प्युटर रिपेअर.
पाटीवरचा शेवटचा 'र' गेल्या वळवात उडाला.

शंभर रुपयांत विंडोज घालून देत होतो मी.
होतो कशाला, देतोच.
आधी सीडी होती, वर मार्करनं लिहिलेली,
आता पेनड्राइव्ह.
पंचवीस अक्षरांची ती किल्ली
स्वतःच्या मोबाइल नंबरापेक्षा पक्की पाठ.
शिरोलीपासून गोकुळ शिरगावापर्यंत
त्या एका किल्लीनं किती कुलपं उघडली,
मोजलं नाही.

म्हणून लिनक्स फुकट आहे असं सांगायला जावं
तर गिऱ्हाईक माझ्याकडं बघत राहतं.
'आधीचंबी फुकटच हुतं की.'
याला माझ्याकडं उत्तर नाही.
तिकडं दोघं झुंजत असतील, खुलं आणि बंदिस्त,
इथं तिसराच कुणीतरी
लांग न चढवता फड मारून गेलाय
आणि त्याचा वस्ताद मी.

जिनगोंडा पाटलांच्या फाउंड्रीत
ऐन मार्चएंडला पडदा काळा पडला.
कोपऱ्यात ओळ: ही प्रत अस्सल नाही.
अण्णा म्हणाले, 'भट्टी माझी, माल माझा, बिलं माझी,
अस्सल न्हाई म्हणणारा ह्यो कोण?'
त्या रात्री मी त्यांना दुसरं घालून दिलं.
चुकलं. घाई केली.
टॅली चालेना. प्रिंटर मुका.
जुन्या फॉन्टातली पत्रं उघडली
तर 'श्री' च्या जागी नुसता खिळेमोळ्यांचा ढीग.
चौथ्या दिवशी पेटी रिक्षातनं परत आली,
सोबत गुळाची एक ढेप,
म्हणजे राग नव्हता.
मी पुन्हा तेच घातलं. तीच किल्ली.

इलाहीचाचांनी जन्मात कीबोर्डला बोट लावलेलं नाही.
सगळं ऐकून म्हणाले,
'एवढंच सांग, झाकण उघडतंय का?'

त्यांच्या वडलांनी एकदा विलायती ऑइल इंजिन
रातोरात सुटं केलेलं,
पोत्यावर मांडून, खडूनं नंबर घालून,
उजाडायच्या आत जुळवलेलं.
एक वायसर उरला.
इंजिन चाललं तरीही.
'त्या वायसरचं काय झालं?'
चाचांनी कमरेचा जुडगा काढला,
किल्ल्यांच्या मधे तो, झिजून चकचकीत.
'इंजिन दुसऱ्याचंच हुतं रं.
पर झाकणाला चार नट हुते,
सतराचा पाना लावला की झालं.
तुझ्या त्या काळ्या पडद्याला
पाना कितीचा लागतोय?'

माझ्या टेबलावरचं मशीन तेवढं मी बदललं नाही.
त्यात ते खुलं, आणि तेही मराठीतलं.
बंद करायच्या बटणावर लिहिलेलं: खाली बंद.
शब्दाला शब्द चिकटवलेला, कुणीतरी, पेंगत.
दोन वर्षं मी ते हसत दाबलं.
मग कळलं की हसायचीही गरज नाही,
दुरुस्त करून पाठवता येतं.
सुट्टीच्या एका सोमवारी, शटर अर्धं ओढून,
दोन शब्द पाठवले.
पलीकडून एक बाई, देश माहीत नाही,
एका ओळीत विचारते:
'बंद करा' ही आज्ञा आहे की विनंती?
अर्धा तास बसून राहिलो.
लिहिलं, आमच्याकडं दोन्ही.

सहा महिन्यांनी अपडेट आलं.
संध्याकाळचे सात, लेथ थांबलेले,
कोपऱ्यात उद्याच्या दोन पेट्या, शंभर-शंभरच्या.
चाचांना हाक मारून दाखवलं.
चष्मा सदऱ्याला पुसून
त्यांनी एकेक अक्षर वाचलं.
'बंद करा. मग? ह्यात काय इशेष?
असंच असतंय की.'

व्हय म्हणालो,
आणि दाबलं.